खाली कुठं पडतं?

आम्ही नऊ जण थायलंडला चाललो आहोत, हे मामांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी भाचा, आणि भाच्यावर मामा ओरडत नाहीत, असा घरातल्यांचा समज. दिवस भाऊबीजेचा, ३ नोव्हेंबर २०२४. आई फर्दापूरला माहेरी आलेली, ओवाळणी उरकलेली, आणि मामा अंगणात आकाशदिव्याच्या दोरीची गाठ सोडवत बसलेले. मी मोबाईल पुढे केला. चिआंग माई नावाचं शहर, पौर्णिमेची रात्र, आणि मोहोळ उठावं तसे जमिनीवरून उठणारे हजारो कागदी कंदील. मामांनी चष्मा लावून ते दोनदा पाहिलं. तिकिटाला किती पडले, विमानाला किती तास लागतात, तिकडं खायचं काय, यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाले,

"आन् हे खाली कुठं पडतं?"

"पडत नाही आबा, वरच विझून जातं," मामेभाऊ म्हणाला.

"विझलं तरी पडंलच की."

एवढं बोलून ते उठले आणि वेळूच्या टोकाला बांधलेल्या कप्पीतून दोरी ओढू लागले. कामट्यांचा सांगाडा, त्यावर पतंगाचा कागद आणि आत तेलाची पणती असा तो दिवा हेलकावे खात वर गेला. गावात बाकी सगळीकडे बल्बचे कंदील आहेत, प्लास्टिकचे, विजेवर रंग बदलणारे. मामांच्या दारात मात्र कार्तिक संपेपर्यंत हा दिवा रोज संध्याकाळी चढतो आणि रोज सकाळी उतरतो. उतरवायचा का, तर तेल घालायला आणि काजळी पुसायला.

त्या रात्री आम्ही ज्या खोलीत झोपलो, तिचा निम्मा भाग कापसानं भरलेला होता. पहिला वेचा घरात आला होता आणि भाव बघून मामांनी तो रोखून धरला होता. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता. गावात येणारा व्यापारी सात हजाराच्या आसपास घुटमळत होता. मामी दारातून सांगून गेल्या, "काडी ओढायची आसंल तर अंगणात जा रे बाबांनो." मामांचा प्रश्न मला तिथंच कळायला हवा होता. पण डोक्यात बॅगा होत्या.

फर्दापूर ज्यांनी पाहिलंय त्यांनीही ते बहुधा बसमधून पाहिलेलं असतं. छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे निघालं, अजिंठ्याचा घाट उतरलं की खाली सोयगाव तालुक्यातलं हे गाव लागतं. औरंगजेबाच्या काळातली सराई इथं आहे, म्हणजे वाटसरूंची सोय करणं हा गावाचा जुना धंदा. हल्ली लोक त्याला 'टी पॉइंट' म्हणून ओळखतात. खासगी गाड्या इथं थांबवतात आणि पुढचे चार किलोमीटर लेण्यांपर्यंत एसटीची बस नेते. या थांब्यावरच्या दुकानांत गारगोट्या आणि स्फटिक विकणाऱ्यांपैकी एक माझा मामेभाऊ. डेक्कनच्या बेसॉल्टमध्ये सापडणारे हे पांढरे, हिरवट, गुलाबी दगड तो पंचवीस वर्षं विकतोय. शाळा दहावीपर्यंत, पण जपानी भाषेत घासाघीस करतो, आणि थाई यात्रेकरूंचा जथा आला की दोन्ही हात जोडून 'सवातदी' म्हणतो. परदेशी पाहुण्याचं फर्दापूरला नवल नाही. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आल्या, तेव्हा त्यांचा तळ इथंच पडला होता. नंदलाल बोस, असितकुमार हालदार ही तरुण मंडळी त्यांच्याबरोबर होती.

त्या सहलीचं मूळही याच दुकानात आहे. एका थाई पाहुणीनं मामेभावाला फोनमधले फोटो दाखवले, त्यानं ते मला पाठवले, मी माझ्या कॉलेजच्या मित्राला. भारतीयांना तेव्हा साठ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नव्हता. तारखा पाहिल्या तर त्यांची यी पेंगची पौर्णिमा म्हणजे आपली त्रिपुरी, १५ नोव्हेंबर. मी, बायको, सातवीतली मुलगी. मामेभाऊ, वहिनी, त्यांचा मुलगा. मित्र, त्याची बायको आणि मित्राची आई. काकूंनी आयुष्यात त्रिपुरी पौर्णिमेची वात चुकवली नव्हती. त्या एका अटीवर तयार झाल्या: नदी हवी. मामांची अट वेगळी. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं. "त्याच्या आत परत या."

बँकॉकहून रात्रभराच्या रेल्वेनं आम्ही चिआंग माईला उतरलो. राजा मंगराईनं १२९६ साली वसवलेलं हे लान्ना राज्याचं शहर. पिंग नदीकाठच्या भिंतींवर पुराची मातकट रेघ अजून दिसत होती. जेमतेम दीड महिन्यापूर्वी नदी शहरात शिरली होती. दुकानांची शटरं धुऊन, गाळ उपसून लोक सणाला लागले होते. आपल्याकडे पाऊस सरला की दिवाळीला माणूस घर सारवतो, तसंच काहीतरी.

'यी' म्हणजे दुसरा, 'पेंग' म्हणजे पौर्णिमा. लान्नांच्या पंचांगात हा महिना दुसरा येतो, बाकीच्या थायलंडमध्ये बारावा. त्यामुळे एकाच रात्री दोन सण येतात: देशभर पाण्यात दिवे सोडण्याचा लोय क्राथोंग, आणि उत्तरेत आभाळात कंदील सोडण्याचा यी पेंग. या उडत्या कंदिलाला तिथं 'खोम लोय' म्हणतात. मूळ कल्पना चीनची. झुगे लियांग हा तिसऱ्या शतकातला सेनापती वेढ्यात सापडला आणि त्यानं कागदी कंदील उडवून मदत मागवली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, चीनमध्ये या कंदिलाला आजही त्याच्याच नावानं ओळखतात.

मला कंदील सोडण्यामागचं दुसरं कारण जास्त भावलं, आणि ते आपल्या घरचं आहे. सिद्धार्थानं घर सोडल्यावर तलवारीनं केस कापले, शेंडीचा तो झुबका वर फेकला, इंद्रानं तो झेलला आणि तावतिंस स्वर्गात त्यावर चैत्य बांधला. तो चूडामणी चैत्य. भारहूतच्या स्तूपावर देवांच्या सभेतला हा उत्सव इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलेला आहे. नाव सुद्धा लिहिलंय, 'चूडामह'. तो दगड कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये पाहायला मिळतो. लान्नांची श्रद्धा अशी की उडता कंदील त्या चैत्याला वाहायचा. जमिनीवरून तिथं जायची दुसरी वाट नाही.

त्यांची आणखी एक गंमत. माणूस ज्या वर्षी जन्मला त्या वर्षाच्या प्राण्यानुसार त्याचं तीर्थ ठरतं. कुत्र्याच्या वर्षात जन्मलेल्याचं तीर्थ हा स्वर्गातला चैत्य. आता त्यानं यात्रा कुठं करायची? म्हणून चिआंग माईत पिंगच्या पूर्वकाठावर वात केत नावाचा विहार आहे. केत म्हणजे केस. तिथल्या स्तूपाचं शिखर किंचित कललेलं आहे. स्वर्गातल्या चैत्यावर थेट टोक रोखलं जाऊ नये म्हणून मुद्दाम कलवलं, असं सांगतात. वहिनींनी मान वाकडी करून शिखर पाहिलं आणि म्हणाल्या, "आपल्याकडं मिस्त्रीनं असं बांधलं असतं तर पैसे कापले असते."

१५ तारखेच्या संध्याकाळी काकूंची नदी आली. केळीच्या खांबाची चकती, तिच्याभोवती दुमडलेली केळीची पानं, झेंडू, उदबत्ती, मेणबत्ती: हा क्राथोंग. काकूंनी मेणबत्ती काढून टाकली. पर्समधून स्टीलची डबी काढली. घरून तुपात भिजवून आणलेली त्रिपुरवात तिच्यात होती. शेजारची थाई बाई निरखत होती. वात पेटली, मेणबत्तीपेक्षा चांगली उंच ज्योत झाली, तशी तिनं आपल्या नातीला खेचून ते दाखवलं. दोघींनी एकमेकींना हात जोडले. काकू कुणाशी काय बोलल्या कळलं नाही, पण परत येताना त्यांच्या डबीत दोन वाती कमी होत्या.

कंदिलांची रात्र दुसऱ्या दिवशी. शहरात वाटेल तिथं, वाटेल तेव्हा कंदील सोडता येत नाही. ठरावीक रात्री, ठरावीक तास. विमानतळाला त्या रात्री कित्येक उड्डाणं रद्द करावी लागतात नाहीतर वेळ बदलावी लागते. शहराबाहेर मोठमोठ्या मैदानांवर तिकीट लावून कार्यक्रम होतात आणि तिकिटं हजारो बातांची असतात. आम्ही एका गावाबाहेरच्या लहानशा, परवानगी काढलेल्या मैदानावर गेलो. आजूबाजूला भाताची खाचरं, निम्मी कापलेली.

कंदील हातात घेतल्यावर त्याचा आकार कळतो. घडी उलगडली की तो माझ्या छातीएवढा होता. पातळ कागद, खाली वेळूच्या काडीचं कडं, कड्याच्या मध्ये तारेवर मेणात बुडवलेली कागदाची वडी. एवढंच. बाकी काम हवेचं. पंचवीस अंशाला एक घनमीटर हवेचं वजन साधारण १,१८० ग्रॅम भरतं. तीच हवा शंभर अंशाला तापली की साडेनऊशेच्या आसपास येते. सुमारे दोनशे तीस ग्रॅमचा हा जो फरक, त्याच्या निम्म्यातही कागद, काडी आणि मेण उचललं जातं. १७८३ साली माँगोल्फिए बंधूंनी फ्रान्समध्ये माणसं उडवली तीही याच हिशेबावर.

लोक कंदिलावर इच्छा लिहितात. मुलीनं काय लिहिलं ते दाखवलं नाही. मित्रानं आईच्या गुडघ्यांसाठी लिहिलं. मामेभावानं मार्कर घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कापूस १०,०००'.

वडी पेटवली आणि आम्ही चौघांनी कडं धरलं. धीर धरवेना. मामेभाऊ सोडायला निघाला तशी मागून एक म्हातारी आली. तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवून कडं पुन्हा खाली दाबलं. अजून नाही. कागद फुगला, तट्ट झाला, आतून पिवळा झाला. अजून नाही. मग कडं आपणहून बोटांना वर ओढू लागलं. वासरू दाव्याला ओढतं तसं. तेव्हा तिनं हात काढला. आम्हीही काढला. दहा हजारांचा कापूस वर गेला.

त्या क्षणाबद्दल मी काही भलतंसलतं लिहिणार नाही. ज्यांनी चित्रफिती पाहिल्यात त्यांना वाटतं तसंच ते असतं. फक्त आवाज नसतो, हे चित्रफितीत कळत नाही, कारण त्यांवर गाणं लावलेलं असतं. फटाक्यांची सवय असलेल्या आमच्या कानांना त्या शांततेनं जरा अवघडल्यासारखं झालं. शेकडो माणसं माना वर करून उभी, आणि ठिणगीएवढे झालेले कंदील वाऱ्यानं एका दिशेला सरकत चाललेले. मामेभाऊ मात्र त्या दिशेकडे पाहत होता. हळूच म्हणाला, "आबा इचारतील."

म्हणून सकाळी सहाला आम्ही दोघं त्या दिशेनं चालत गेलो. दीड-दोन किलोमीटरवर पहिला सापडला, विजेच्या तारेला लटकलेला. मग बांधावर, मग कालव्यात. कापलेल्या भाताच्या खुंटांवर तर एकाच खाचरात सतरा मोजले. कागद दवानं चिकटलेला, मेणाचा काळा ठिपका, तार. एक बाई पाठीवर पोतं घेऊन ते गोळा करत होती. तार वेगळी, काड्या वेगळ्या. आम्ही वाकून तिला मदत करू लागलो. ती हसली नाही, रागावलीही नाही. ऊस तुटल्यावर पाचट गोळा करावं इतक्या सवयीनं तिचं चाललं होतं. मामेभावानं एका कागदाला नीट उलटून पाहिलं. त्यावर थाई अक्षरं होती.

आमच्या नशिबानं ते खाचर ओलं होतं. सगळीकडे नसतं. २०१३ मध्ये इंग्लंडात स्मेथविकला असाच एक कंदील प्लास्टिकच्या गोदामात पडला आणि लाख टन माल पेटला. २०२० च्या पहिल्या रात्री जर्मनीत क्रेफेल्डच्या प्राणिसंग्रहालयात वानरांचं घर जळालं, तीसहून जास्त प्राणी गेले. मुंबईत दिवाळीच्या सुमारास उडत्या कंदिलांवर बंदीचे पोलिसी आदेश निघतात, आणि तरी ते फुटपाथवर मिळतात.

१९ ला रात्री घरी, २० ला बोटाला शाई. मामांना मी सतरा कंदिलांचं सांगितलं. ते "हं" म्हणाले.

गोष्ट इथं संपली असती. पण मामेभावाच्या मुलानं ऑनलाईन चार कंदील मागवले. १४ डिसेंबरला दत्तजयंती होती, शनिवार होता, आणि आम्ही सगळे पुन्हा फर्दापुरात. सकाळी मी मुलांना लेण्यांत घेऊन गेलो. सतरा क्रमांकाच्या लेण्यात गर्भगृहाआधीच्या दालनात डाव्या भिंतीवर एक चित्र आहे. बुद्ध तावतिंस स्वर्गात जाऊन आईला वर्षावासाचे तीन महिने धम्म सांगतो आणि मग संकिसा इथं जिन्यावरून पृथ्वीवर उतरतो, ते दृश्य. वर देवांची सभा, मध्ये उतरणं, खाली वाट पाहणारे लोक, हत्ती, घोडे. उजेड मंद ठेवलेला असतो, डोळे सरावायला वेळ लागतो. मुलीनं बोट दाखवलं, "म्हणजे तो वरून परत आला." मी म्हटलं हो. कंदील ज्या स्वर्गाकडे सोडला, तोच हा स्वर्ग. पण अजिंठ्याच्या चिताऱ्यानं मध्यभाग दिला तो उतरण्याला.

अजिंठा आणि आग यांचं नातंही तिथंच उभं राहून मुलांना सांगितलं. रॉबर्ट गिलनं १८४४ पासून वर्षानुवर्षं खपून या चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या. १८६६ च्या आगीत बहुतेक खाक झाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुन्हा खपले. त्यांतल्या कितीतरी नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला जळाल्या. दगडातली मूळ चित्रं इथं वटवाघळं, धूर, पाणी सोसून राहिली.

संध्याकाळी मुलं गच्चीवर कंदील घेऊन हजर. मामांनी ओरडायचं टाळलं. कोठीतून मूठभर कापूस आणला, सरकी काढली, आणि एक झुबका मुलाच्या हातात दिला. "सोड बरं." झुबका तरंगत गेला. शेजारच्यांच्या मक्याच्या कडब्याच्या गंजीवर टेकला, पुन्हा उठला, आणि डोंगराच्या अंगाला गेला. डिसेंबरात त्या डोंगरावर कमरेएवढं गवत वाळलेलं असतं, मागं जंगल, आणि जंगलाच्या पोटात लेणी. दुसरा झुबका उभ्या पऱ्हाटीत जाऊन अडकला, बोंडांत बोंड झाला, दिसेनासा. मुलानं तिसरा मागितला नाही.

"दोरी बांधून सोडू," माझी मुलगी म्हणाली. "आकाशदिव्यासारखा."

हे मामांना पटलं. कप्पीचा वेळू अजून उभाच होता. अंगणात पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या आल्या, गुरं मागं बांधली, आणि कड्याला शिवणाचा जाड दोरा बांधून आम्ही वडी पेटवली. म्हातारीनं शिकवलं होतं तसं कडं ओढेपर्यंत धरलं. कंदील वीस-पंचवीस फूट सुरेख चढला. मग दोरा संपला. मोकळ्या कंदिलाला वारा लागत नाही, कारण तो वाऱ्याबरोबरच चाललेला असतो. बांधला की वारा त्याच्यावर आदळतो. कंदील आडवा झाला, ज्योत कागदाला लागली आणि दोन श्वासांत सगळं पेटून गोठ्यासमोर पडलं. मामींनी बादली ओतली ती अर्धी मामेभावावर.

"आकाशदिव्याला वेळू आसतो," मामा म्हणाले. "नुसती दोरी नाही."

राहिलेले तीन कंदील माळ्यावर गेले. पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या पावसानं मामांचा कापूस झाडावरच काळा पडला. खोलीत त्या वर्षी झोपायला भरपूर जागा होती. गणपतीनंतर गेलो होतो तेव्हा पाऊस थांबत नव्हता, सरपण ओलं, सिलेंडर संपलेला. मामींनी माळ्यावरून एक कंदील काढला, कागद फाडून बाजूला ठेवला, तारेवरची मेणाची वडी सोडवून चुलीत सारली आणि काडी ओढली. ओली पऱ्हाटी बघता बघता धरली. चहा गाळताना त्यांनी विचारलं,

"ह्या नुसत्या वड्या मिळतात का रे तिकडं?"